नियम बदलले की डाव बदलतात : ज्युदोच्या स्पर्धेविषयी

ज्युदोचा सामना कोणत्याही क्षणी संपू शकतो, आणि या खेळाची सारी ओढ मला त्यातच वाटते. चार मिनिटांपैकी दहा सेकंद गेलेली असोत किंवा दहाच उरलेली असोत, एका खेळाडूने समोरच्याला पूर्ण साधलेल्या डावाने पाठीवर पाडले की पंचाचा हात डोक्यावर सरळ उभा राहतो, 'इप्पॉन' असा पुकारा होतो आणि तोपर्यंतचा सगळा हिशेब पुसला जातो. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५२ किलो वजनगटात टोक्यो ऑलिम्पिकची सुवर्णविजेती, जपानची उता आबे दुसऱ्याच फेरीत उझबेकिस्तानच्या दियोरा केल्दियोरोवाविरुद्ध वाझा-आरीने, म्हणजे इप्पॉनखालच्या गुणाने, पुढे होती. केल्दियोरोवाने तिला मागच्या मागे पाडले, इप्पॉन घेतला आणि पुढे त्या गटाचे सुवर्णही जिंकले. आपल्याकडच्या तुलिका मान हिच्या वाट्याला हाच अनुभव २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आला. ७८ किलोवरील गटाच्या अंतिम सामन्यात ती आघाडीवर होती, परंतु स्कॉटलंडच्या सारा अॅडलिंग्टनच्या एका फेकीने सुवर्णाचे रौप्य झाले.

जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या स्पर्धांमध्ये गुणलेखकाच्या टेबलाशी बसण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. तिथे पालक आणि नवे प्रेक्षक एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : आपल्या मुलाने समोरच्याला पाडले, तरी गुण का मिळाला नाही? त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, कारण ज्युदोत पाडणे एवढेच मोजले जात नाही, तर कसे पाडले तेही मोजले जाते. इप्पॉनसाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. प्रतिस्पर्धी पाठीवर पडला पाहिजे, डावात वेग हवा, जोर हवा, आणि जमिनीवर टेकेपर्यंत त्याच्यावर फेकणाऱ्याचा ताबा हवा. यांतले काही उणे राहिले, म्हणजे पडणारा वेग गमावून लोळत गेला किंवा पूर्ण पाठीऐवजी कुशीवरून मागे कलला, तर वाझा-आरी मिळतो, आणि दोन वाझा-आरी मिळून एक इप्पॉन होतो. पोटावर किंवा गुडघ्यांवर पडलेल्याबद्दल काहीच मिळत नाही, मग तो कितीही जोरात का पडलेला असेना.

कुस्ती पाहत वाढलेल्या आपल्या लोकांना 'चितपट' माहीत असते, त्यामुळे इप्पॉन म्हणजे चितपटच असे ते धरून चालतात. साम्य आहे, पण ते अर्ध्यावर संपते. आखाड्यात पाठ लागली की लागली. ती दोन मिनिटे झगडून, रेटून, हळूहळू लावली तरी कुस्ती निकाली होते. उभ्या ज्युदोत हळूहळू लावलेल्या पाठीला इप्पॉन नाही. तिथे पाठ एका अखंड हालचालीच्या शेवटी लागावी लागते. जमिनीवरच्या ज्युदोत मात्र रेटून धरण्याला पूर्ण मान आहे : वीस सेकंद पाठीवर दाबून ठेवले, गळा आवळून किंवा कोपराचा सांधा ताणून शरण आणले, तरी इप्पॉनच मिळतो. ज्युदोच्या ऑलिम्पिक इतिहासातला पहिला मोठा धक्का अशाच दाबातून बसला होता. १९६४ साली टोक्योच्या निप्पॉन बुदोकानमध्ये खुल्या गटाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या अँतोन खेसिंकने जपानच्या आकिओ कामिनागाला केसा-गातामे या जमिनीवर दाबून धरण्याच्या पकडीत खाली धरून ठेवले आणि जपान्यांचा खेळ आता जपान्यांपुरता उरलेला नाही हे त्यांच्याच प्रेक्षकांसमोर सिद्ध केले. तरीही आज मला लिहायचे आहे ते उभ्या डावांविषयी, कारण नियमांची खरी ओढाताण तिथेच होते.

माझे म्हणणे असे आहे की ज्युदोचे नियम तयार डावांना केवळ गुण देत नाहीत. कोणता डाव जगेल आणि कोणता मरेल हेही तेच ठरवतात. गेल्या पन्नास वर्षांत मोठ्या स्पर्धा जिंकून देणारे डाव बदलत गेले, त्यामागे खेळाडूंच्या प्रतिभेइतकाच नियमपुस्तकाचा हात आहे, आणि म्हणून ज्याला हा खेळ समजून घ्यायचा आहे त्याने दोन्ही शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोक्योतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात मोजक्या शिष्यांसह कोदोकान हे ज्युदोचे विद्यालय सुरू केले, तेव्हा ते अवघ्या एकवीस वर्षांचे होते. तेन्जिन शिन्यो-र्‍यू आणि कितो-र्‍यू या जुजुत्सूच्या, म्हणजे जपानी निःशस्त्र झुंजीच्या, दोन जुन्या परंपरा ते शिकले होते. त्यांतून त्यांनी जे सूत्र वर काढले ते कुझुशीचे, म्हणजे फेकण्याआधी समोरच्याचा तोल मोडण्याचे. उभ्या माणसाचा तोल आठ दिशांना मोडता येतो, आणि प्रत्येक दिशेला शोभणारे डाव वेगळे असतात. तोल मोडणे, त्या मोडलेल्या तोलाखाली आपले शरीर बसवणे आणि मग फेक पूर्ण करणे, या तीन पायऱ्या आहेत. त्यांतली पहिली चुकली तर पुढच्या दोन केवळ ताकदीवर रेटाव्या लागतात. हे ज्ञान भारतात फार लवकर पोहोचले होते. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२९ मध्ये कोदोकानच्या शिन्झो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला बोलावून घेतले होते. ती सुरुवात देशभर पसरली असती तर आपल्या पदकांची यादी आज निराळी दिसली असती, असे मला नेहमी वाटते.

कोदोकानने १८९५ मध्ये डावांची पाच संचांत मांडणी केली आणि १९२० मध्ये ती सुधारून चाळीस डावांवर आणली. आज कोदोकानच्या मान्य यादीत उभ्याने फेकण्याचे ६८ डाव आहेत. पण जागतिक स्पर्धेत दिवसभर बसून पाहिले तर यांतले मोजकेच वारंवार दिसतात : सेओई-नागे आणि तिची भावंडे, उची-माता, बाहेरून पाय काढून मागे पाडणारी ओसोतो-गारी, आतून पाय काढणारे ओउची-गारी आणि कोउची-गारी, तसेच बाही वर ओढून कमरेवरून फेकणारी सोदे-त्सुरिकोमी-गोशी, आणि स्वतः मागे पडत समोरच्याला वरून फेकणाऱ्या सुमी-गाएशी व तोमोए-नागे. उरलेले बहुतेक डाव वर्गात शिकवले जातात, परीक्षेत दाखवले जातात आणि स्पर्धेत क्वचित दिसतात. हे डाव वाईट आहेत म्हणून असे होत नाही. आपल्याइतक्याच तयारीचा माणूस समोर असतो, तोही आपली पकड मोडत असतो, आणि अशा झटापटीत ज्या डावाला शिरायला कमी जागा लागते व जो फसला तरी उलटा अंगावर येत नाही तोच टिकतो.

सेओई-नागे म्हणजे समोरच्याला पाठीवर घेऊन खांद्यावरून पुढे फेकणे. बुटक्या माणसाचा हा डाव आहे असे म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे, कारण फेकणाऱ्याची कंबर समोरच्याच्या कमरेखाली जावी लागते. समोरच्याची बाही वर खेचत त्याला पायांच्या चवड्यांवर आणायचे, त्याच क्षणी आपण वळून त्याच्या छातीला पाठ लावायची, आणि गुडघे सरळ करता करता त्याला पुढे ओतायचे. गुडघ्यांवर बसून मारली जाणारी सेओई-नागे हल्ली अधिक दिसते, कारण ती झटकन आत जाते. पण उभ्याने मारलेल्या सेओई-नागेचे सौंदर्य तिला नाही, आणि या बाबतीत जपानच्या तोशिहिको कोगाच्या पुढे मी अजून कोणाला ठेवलेले नाही. कोगा पाय रुंद टाकून, जवळजवळ उभ्यानेच आत शिरायचा, आणि त्याचा प्रतिस्पर्धी एका हाताच्या पकडीवर पूर्ण वर्तुळ फिरून खाली यायचा.

१९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपूर्वी अगदी थोडे दिवस हिदेहिको योशिदाबरोबर सराव करताना कोगाचा डावा गुडघा दुखावला. योशिदाने ७८ किलो गटाचे सुवर्ण जिंकले, आणि दुसऱ्या दिवशी ७१ किलो गटात कोगा वेदनाशामक औषधे घेऊन मॅटवर उतरला. अंतिम सामना हंगेरीच्या बर्तालान हाय्तोशशी होता. जगातली सर्वांत देखणी फेक ज्याच्याकडे होती त्या माणसाला त्या दिवशी सुवर्ण मिळाले ते फेकीने नव्हे, तर पंचांच्या झेंड्यांनी. त्या काळी वेळ संपेपर्यंत निर्णायक गुण झाला नाही तर पंच आपापला लाल किंवा पांढरा झेंडा वर करून कौल देत आणि त्याला हान्तेई म्हणत. कोगाच्या जखमी पायावरच्या जिद्दीला तो कौल मिळाला याचा मला आनंद आहे. पण दोन खेळाडूंमधला फरक माणसांच्या मतावर सोपवणारी ही व्यवस्था फार काळ टिकणारी नव्हती. आधी गोल्डन स्कोअर आला, म्हणजे बरोबरी झाल्यावर पहिला गुण घेणारा जिंकणार, आणि २०१३ पासून त्याची वेळमर्यादाही काढून टाकून झेंडे बंद झाले. मोठ्या स्पर्धांत आता सामना बरोबरीतून पुढे गेला की कोणीतरी पडेपर्यंत किंवा कोणाला तरी शेवटची शिक्षा होईपर्यंत चालतो.

उची-माता हा दुसरा मोठा डाव. समोरच्याच्या दोन पायांमध्ये आपला पाय मागे झोकून, त्याची मांडी आतून उचलत त्याला पुढे फेकायचे. उंच आणि मध्यम उंचीच्या खेळाडूंना तो विशेष मानवतो. ज्याला उची-मातेचा आदर्श पाहायचा आहे त्याने २०००च्या सिडनी ऑलिम्पिकमधला जपानच्या कोसेई इनोउएचा १०० किलो गटातला अंतिम सामना पाहावा. कॅनडाचा निकोला गिल हा काही साधा प्रतिस्पर्धी नव्हता, पण इनोउएने त्याला ज्या उची-मातेने फेकले तीत तोल मोडणे, शिरणे आणि फेकणे या तीन पायऱ्या वेगळ्या काढून दाखवताच येत नाहीत. आदल्या वर्षी वारलेल्या आपल्या आईचे छायाचित्र हातात धरून तो पदकाच्या चौथऱ्यावर उभा राहिला.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच सभागृहात, त्याच उची-मातेवरून ज्युदोच्या इतिहासातला सर्वांत मोठा वाद झाला. १०० किलोवरील गटाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या डेव्हिड दुइयेने जपानच्या शिनिची शिनोहारावर उची-माता टाकली. शिनोहाराने ऐन वेळी आपला पाय आतून काढून घेतला आणि दुइयेच्याच झोकाचा उपयोग करून त्याला फिरवले. या प्रतिडावाला उची-माता-सुकाशी म्हणतात. तो फार नाजूक असतो, कारण पाहणाऱ्याला आधी हल्ला करणाऱ्याचाच पाय हवेत दिसतो आणि कोण कोणाला फेकतो आहे हे शेवटच्या क्षणी कंबर कोणत्या दिशेला वळली यावरून ठरते. शिनोहाराने इप्पॉन झाला या विश्वासाने हात उंचावले, कोपऱ्यातल्या एका पंचाचेही तेच मत होते. पण मुख्य पंच आणि दुसऱ्या कोपऱ्यातला पंच यांनी दुइयेला युको, म्हणजे वाझा-आरीहून लहान गुण, दिला. सामना पुढे चालला, शिनोहाराला तो फरक भरून काढता आला नाही, आणि सुवर्ण दुइयेला गेले.

त्या फेकीचे चित्रीकरण मी वारंवार पाहिले आहे, आणि माझे मत स्पष्ट आहे की पाठीवर पडला तो दुइये. पण त्याहून महत्त्वाचे हे की मैदानावरच्या तीन माणसांना त्या वेगात ते दिसणे कठीण होते, आणि पुन्हा पाहण्याची कोणतीही सोय त्यांच्याकडे नव्हती. पुढच्या वर्षांत चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची व्यवस्था आली, आणि आता मॅटवर एकच पंच उभा असतो, बाकीचे बाजूच्या टेबलावर पडद्यासमोर बसून त्याच्या कानात बोलतात. या व्यवस्थेमुळे खेळाची गती मंदावते अशी तक्रार मी ऐकतो. मला ती पटत नाही. प्रतिडाव हा ज्युदोचा प्राण आहे, आणि प्रतिडावाला न्याय द्यायचा असेल तर कोणाची कंबर आधी वळली हे पाहायला दहा सेकंद थांबणे भाग आहे.

काही नियम मात्र केवळ शरीर वाचवण्यासाठी आले आणि त्यांवर वाद घालायला मी तयार नाही. १९८० मध्ये जपानमधल्या एका मोठ्या स्पर्धेत यासुहिरो यामाशितावर सुमिओ एन्दोने कानी-बासामी टाकली, म्हणजे आडवे झोकून देऊन दोन्ही पायांच्या कात्रीत त्याचे पाय पकडले, आणि यामाशिताच्या पायाचे हाड मोडले. तोपर्यंत हा डाव चालत होता. पुढे स्पर्धांतून तो बाद झाला. यामाशिता बरा होऊन परतला आणि १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये पोटरी दुखावलेली असताना सुवर्णपदकही जिंकला, पण प्रत्येकाचे पाय असे जुळून येत नाहीत. उची-माता किंवा तत्सम डाव टाकताना स्वतःचे डोके मॅटवर खुपसणाऱ्याला आज थेट हान्सोकु-माके मिळतो, म्हणजे तो सामना तिथेच हरतो. कारण ती मान मोडण्याची वाट आहे. तसेच पडताना पाठ टेकू नये म्हणून डोके आणि टाचांवर कमान करणाऱ्याविरुद्ध इप्पॉन दिला जातो. आपल्याकडच्या कुस्तीतून आलेल्या मुलांना हा नियम सर्वांत आधी सांगावा लागतो, कारण ब्रिज करून पाठ वाचवणे हे त्यांच्या अंगात मुरलेले असते.

आता ज्या नियमाबद्दल महाराष्ट्रातल्या माणसाला खरोखर वाईट वाटावे तो नियम. आपल्या तालमीत पोराला अगदी सुरुवातीला जे डाव शिकवले जातात त्यांत पट काढणे, म्हणजे पाय धरून पाडणे, येते, एकेरी आणि दुहेरी. ज्युदोतही हे डाव होते. दुहेरी पटाला मोरोते-गारी, टाच धरून पाडण्याला किबिसु-गाएशी, आणि आपण ज्याला कलाजंग म्हणतो, म्हणजे समोरच्याच्या मांडीत हात घालून त्याला खांद्यांवर आडवे उचलून टाकणे, त्याला काता-गुरुमा अशी नावे होती. काता-गुरुमा तर कोदोकानच्या जुन्या यादीत मानाने बसलेला डाव. सोव्हिएत संघ फुटल्यानंतर तिथली सांबो, जॉर्जियातली चिदाओबा आणि मंगोलियातली बोख अशा देशी कुस्त्यांत तयार झालेले खेळाडू आपापल्या झेंड्याखाली मोठ्या संख्येने ज्युदोत आले आणि पायांवरचे हल्ले हे त्यांचे मुख्य शस्त्र झाले. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये मंगोलियाच्या नाइदान तुवशिनबायारने १०० किलो गटात पहिल्याच फेरीत जपानच्या केइजी सुझुकीला पाय उचलून पाडले आणि अखेर आपल्या देशाला इतिहासातले पहिले ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिले.

आंतरराष्ट्रीय महासंघाला या डावांत जी अडचण दिसली ती समजण्यासारखी होती. पाय जाईल या भीतीने खेळाडू कमरेत वाकून, डोके पुढे काढून, हात लांब ठेवून उभे राहू लागले. वाकलेल्या माणसाला सेओई-नागे किंवा उची-माता टाकणे अवघड होते, त्यामुळे मोठ्या फेकी घटल्या. शिवाय ज्युदो आणि कुस्ती हे मॅटवरचे दोन खेळ ऑलिम्पिकमध्ये एकमेकांसारखे दिसू लागले तर एकाची जागा धोक्यात येते, ही चिंताही होतीच. ती अवाजवी नव्हती : २०१३च्या फेब्रुवारीत ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने चक्क कुस्तीलाच वगळण्याची शिफारस केली होती, आणि कुस्तीला आपली जागा परत मिळवायला सप्टेंबरपर्यंत झगडावे लागले. ज्युदोने २०१० मध्ये पायावर थेट हल्ला करण्याला बंदी घातली, पण दुसऱ्या डावाला जोडून किंवा प्रतिडाव म्हणून पाय धरण्याची मुभा ठेवली. २०१३ मध्ये ती मुभाही काढून घेतली आणि उभ्या झुंजीत कमरेखाली हात लावणे पूर्ण बंद केले. सुरुवातीला त्याची शिक्षा थेट पराभवाची होती, नंतर ती शिडोवर, म्हणजे किरकोळ शिक्षेवर, आली.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. खेळाडू सरळ उभे राहू लागले, आणि जपानच्या शोहेई ओनोसारख्या माणसाला आपली उची-माता आणि ओसोतो-गारी मोकळेपणी टाकायला जागा मिळाली. ओनोने ७३ किलो गटात २०१६ आणि २०२१ अशी लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णे जिंकली, आणि त्याचे ज्युदो पाहताना बंदीचा हेतू योग्य होता हे मी मान्य करतो. पण पूर्ण बंदीची किंमतही मोजावी लागली. पाय धरण्याची भीती उरली नाही म्हणून कित्येक खेळाडू अर्धवट डाव टाकून निर्धास्तपणे मॅटवर लोळतात. पूर्वी अशा अर्धवट उची-मातेला समोरचा मांडीत हात घालून उचलून टाके, आणि त्या धाकामुळे डाव टाकणारा पूर्ण मनाने टाके. काता-गुरुमा आता पायाला हात न लावता, बाही आणि गळपट्टीच्या पकडीवर मारली जाते. त्यात कल्पकता आहे, पण मूळ डावाचा भक्कमपणा तीत नाही. माझ्या मते २०१० ते २०१२ची मधली वाट अधिक बरी होती : थेट पट नको, पण प्रतिडावात आणि जोडडावात पाय मोकळे असावेत. जपानने २०२५च्या एप्रिलमध्ये आपल्या सर्व वजनांच्या खुल्या राष्ट्रीय स्पर्धेत पाय धरण्याची परवानगी पुन्हा दिली, तेव्हा हा विषय संपलेला नाही एवढे तरी दिसले.

पकडीवरून होणारी झटापट बाहेरून कंटाळवाणी दिसते, आणि पंचांनी शिडो देण्याची बरीच कारणे तिथेच निर्माण होतात. समोरच्याला पकडच मिळू न देणे, दोन्ही हात एकाच बाजूला धरून काही न करणे, मॅटच्या बाहेर पाऊल टाकणे, हल्ल्याचा नुसता देखावा करणे, अतिबचावात्मक उभे राहणे, या सगळ्यांना शिडो आहे, आणि तीन शिडो झाले की सामना गेला. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये १०० किलोवरील गटाचा अंतिम सामना फ्रान्सचा तेदी रिनेर आणि जपानचा हिसायोशी हारासावा यांच्यात झाला आणि त्याचा निकाल कोणत्याही फेकीशिवाय, शिडोच्या फरकावर रिनेरच्या बाजूने लागला. रिनेर हा या काळातला सर्वांत मोठा ज्युदोपटू आहे याबद्दल मला शंका नाही. २०२४ मध्ये पॅरिसला त्याने तिसरे वैयक्तिक सुवर्ण जिंकले, आणि सांघिक अंतिम लढत ३-३ अशी अडल्यावर सोडतीत त्याच्याच वजनगटाचे नाव निघाले तेव्हा गोल्डन स्कोअरमध्ये जपानच्या तात्सुरु साइतोला इप्पॉनने पाडून ती जबाबदारीही पार पाडली. पण रिओचा तो सामना पाहून कोणी मुलगा ज्युदो शिकायला आला असेल असे मला वाटत नाही. २०१७ आणि २०१८च्या बदलांनी शिडो कमी-जास्त असण्यावरून सामना जिंकण्याची वाट बंद केली, आणि हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच वेळी पुरुषांचा सामना पाच मिनिटांवरून चारवर आणून महिलांच्या बरोबरीला ठेवला गेला.

पकडीची झटापट पूर्ण काढून टाकली तर काय होते, याचे उत्तर पॅरालिम्पिक ज्युदो देतो. तिथे दृष्टिबाधित खेळाडू एकमेकांची बाही आणि गळपट्टी आधीच धरून सामना सुरू करतात, आणि प्रत्येक थांब्यानंतर पंच त्यांना मध्यभागी आणून पुन्हा पकड देतो. त्यामुळे पहिल्या सेकंदापासून तोलावर तोल असा सरळ मुकाबला असतो आणि फेकी पटापट होतात. मध्य प्रदेशातल्या सिहोरच्या कपिल परमारने २०२४ मध्ये पॅरिसला ६० किलोच्या जे-१ या अंध खेळाडूंच्या गटात ब्राझीलच्या खेळाडूला एका मिनिटाच्या आत १०-० असे हरवून कांस्यपदक मिळवले. पॅरालिम्पिक ज्युदोतले भारताचे ते पहिले पदक, आणि १०-० म्हणजे इप्पॉन. भारतीय ज्युदोविषयी लिहिणारे सुशीला देवीच्या राष्ट्रकुल रौप्यपदकांपाशी थांबतात, किंवा २०२२ मध्ये कॅडेट म्हणजे किशोर गटात जगज्जेती ठरलेल्या मणिपूरच्या लिन्थोई चनाम्बमपर्यंत येतात. त्यांचा मान मोठाच आहे, पण शुद्ध फेकीचा ज्युदो शिकवायचा असेल तर मी माझ्याकडच्या मुलांना कपिलचा सामना दाखवतो.

गुणांच्या पायऱ्याही अशाच वर-खाली होत राहिल्या आहेत. एके काळी इप्पॉनखाली वाझा-आरी, युको आणि कोका अशा तीन पायऱ्या होत्या. कोका २००९ पासून गेला, युको २०१७ मध्ये गेला, आणि त्याच वर्षी दोन वाझा-आरींचा इप्पॉन होणेही थांबले होते. ते पुढच्याच वर्षी परत आणावे लागले, यावरून तो प्रयोग किती फसला हे कळते. २०२५ पासून युको परत आला आहे. कुशीवर पाडले पण वाझा-आरीइतके नाही, किंवा पाच सेकंद दाबून धरले, तर तो मिळतो. कितीही युको जमले तरी त्यांचा वाझा-आरी होत नाही. काही जाणकारांना भीती वाटते की छोट्या गुणांसाठी खेळाडू छोटेच डाव टाकतील. मी युकोच्या बाजूने आहे. तो नसताना चांगल्या फेकीतून थोडक्यात निसटलेला आणि नुसता ढकलला गेलेला, दोघेही फलकावर सारखेच शून्य राहत आणि सामना गोल्डन स्कोअरच्या दमछाकीत तिसऱ्या शिडोवर संपत असे. गोल्डन स्कोअरमध्ये आता युकोही सामना संपवतो, आणि शिक्षेने संपण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

हे सगळे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून तालमीतून ज्युदोत येणाऱ्या मुलांच्या प्रशिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावे असे मला वाटते. अशी मुले दर हंगामात दिसतात. मान आणि कंबर पोलादी, धीर भरपूर, आणि पहिल्याच सामन्यात हात पटाला जाऊन पहिला शिडो. त्यांना आधी पडायला शिकवावे, कारण पाठीवर मोकळेपणी पडून हाताने मॅटवर थाप मारणे हे कुस्तीच्या सवयीच्या अगदी उलट आहे, आणि ते अंगी येईपर्यंत त्यांच्यावर ओसोतो-गारी टाकू नये. जपानमध्ये नवशिक्यांना झालेल्या डोक्याच्या गंभीर दुखापतींत त्या डावाचा वाटा मोठा आहे. मग कापडाची पकड शिकवावी, कारण उघड्या अंगावर झुंजणाऱ्याला बाहीचा उपयोग ठाऊकच नसतो. त्यानंतर त्याच्याकडे असलेलेच डाव वापरावेत. ढाकेने कमरेवर फिरवण्याची सवय असलेला मुलगा कमरेवर घेऊन पाय झोकत फेकण्याची हाराई-गोशी लवकर उचलतो, टांग मारणाऱ्याला उची-मातेतला पायाचा झोका नवा नसतो. आणि पटासाठी झटकन समोरच्याच्या कमरेखाली उतरणारा मुलगा बसून मारायच्या सेओई-नागेच्या निम्म्या वाटेवर आधीच पोहोचलेला असतो. उतरता उतरता पाठ फिरवायची आणि हात पायाऐवजी बाहीवर ठेवायचा, एवढा भाग त्याच्याकडून रोज घोटून घ्यावा लागतो.